‘हाकेन नो हिंकाकु’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी ऑफिसवरच्या या मालिकेबद्दल सतत प्रश्न येतात. काही ते मजेसाठी पाहणाऱ्यांचे असतात, काही जपानी शिकणाऱ्यांचे, तर काही नोकरीसाठी जपानला निघालेल्यांचे. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. विषय दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. शेवट कुठेही सांगितलेला नाही, मात्र प्रश्न ९ मध्ये कथानकाचा एक महत्त्वाचा भाग उघड होतो.

१. मालिका थोडक्यात कशाबद्दल आहे?

टोकियोतल्या ‘एस अँड एफ’ नावाच्या काल्पनिक खाद्यपदार्थ कंपनीत ओमाए हारुको तीन महिन्यांच्या करारावर येते. कराराची मुदत ती वाढवून घेत नाही, ओव्हरटाइम करत नाही, सुट्टीच्या दिवशी येत नाही आणि ऑफिसच्या पार्टीला जात नाही. काम मात्र असं करते की कायम नोकरीतले लोक बघत राहतात. निप्पॉन टेलिव्हिजनवर २००७ च्या जानेवारी ते मार्चमध्ये मालिकेचे दहा भाग दाखवले गेले. लेखन नाकाझोनो मिहो यांचं आहे आणि हारुकोची भूमिका शिनोहारा र्‍योको यांनी केली आहे. टोकियो परिसरातली सरासरी प्रेक्षकसंख्या २०.१ टक्के होती. तिथल्या मालिकांच्या मानाने हा आकडा फार मोठा आहे.

हसू येतं ते एकाच गोष्टीमुळे. या ऑफिसात हुशारी ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: पद, कायम नोकरीचं ओळखपत्र, रात्री उशिरापर्यंत पेटलेला दिवा, साहेबांसोबतचं पिणं. हारुकोकडे यातलं काहीच नाही. तिच्याकडे फक्त काम आहे.

२. ‘हाकेन’ म्हणजे आपला कंत्राटी कर्मचारीच ना?

जवळपास, पण एक फरक महत्त्वाचा आहे. हाकेन व्यवस्थेत माणूस नोकरीला असतो एजन्सीकडे आणि बसतो दुसऱ्याच कंपनीत. त्याला रोजची कामं ती दुसरी कंपनी सांगते आणि कायद्याने तसं सांगण्याची मुभा तिला असते. पगार एजन्सी देते. कंत्राटदाराने आपली माणसं आणून, त्यांच्यावर स्वतः देखरेख ठेवून काम पुरं करून द्यायचं, हा प्रकार जपानी कायद्यात वेगळा धरला जातो. हा फरक कुठे अंगाशी येतो ते प्रश्न १५ मध्ये आहे.

हाकेनचा कायदा १९८५ मध्ये झाला आणि १९८६ च्या जुलैपासून लागू झाला. सुरुवातीला मोजक्याच कौशल्याच्या कामांना परवानगी होती. १९९९ मध्ये बहुतेक कामं खुली झाली आणि २००४ मध्ये कारखान्यांचं उत्पादनही. मालिका आली तोवर जपानमधल्या दर तीन नोकरदारांपैकी साधारण एक जण कायम नोकरीबाहेर होता. त्यात हाकेनवाले आले, अर्धवेळ काम करणारे आले आणि मुदतीच्या करारावरचेही आले. एवढ्या लोकांच्या मनातलं बोलणारं पात्र पडद्यावर आलं म्हणून मालिका इतकी पाहिली गेली, असं मला वाटतं.

३. हारुकोला नेमकं काय काय येतं?

जवळजवळ सगळं. टायपिंग आणि हिशेबाच्या तक्त्यांपासून सुरुवात होते. मग अवजड यंत्रं चालवण्याचे परवाने निघतात, सुईणीचा परवाना निघतो. एका भागात ती लोकांसमोर अख्खा ट्यूना कापून दाखवते. दर वेळी कंपनी अडचणीत येते, सगळे हबकतात आणि हारुको शांतपणे आणखी एक प्रमाणपत्र काढते. ही उघड अतिशयोक्ती आहे आणि लेखिकेला ती हवीच आहे.

४. एवढं सगळं येतं, तर तिला कायमची नोकरी का नको?

कारण कायम नोकरी काय असते ते तिने अनुभवलेलं आहे. पूर्वी ती एका बँकेत कायम कर्मचारी होती आणि तिथून तिला काढून टाकलं गेलं. कंपनी म्हणजे कुटुंब, या बोलण्यावर तिचा विश्वास राहिलेला नाही. तीन महिने काम करायचं, मग स्पेनला जायचं, फ्लामेंको नाचायचं, पैसे संपत आले की परत यायचं.

ती मुक्त आहे असं बरेच जण लिहितात. मला ते निम्मंच खरं वाटतं. ‘नाही’ म्हणण्याची ताकद तिला कौशल्याने मिळाली आहे, पण सुरक्षितता मिळालेली नाही. आजारी पडली, वय वाढलं, बाजार पडला तर पुढच्या तीन महिन्यांची हमी कुणीच देणार नाही. पाहताना हे डोक्यात ठेवलं तर तिच्या ताठ मानेमागची किंमत दिसू लागते.

५. सहा वाजले की ती उठून जाते. यात एवढं हसण्यासारखं काय आहे? आपली सुट्टीची वेळ झाली, ती गेली.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर मोठं आहे.

त्या काळच्या जपानी ऑफिसात वेळ संपल्यावर उठणं ही साधी गोष्ट नव्हती. साहेब बसला असेल तर हाताखालचे बसत, हाताखालचे बसले की नवे बसत. काम असो वा नसो. निष्ठा मोजायची पट्टी म्हणजे खुर्चीत घालवलेला वेळ, आणि बढतीच्या वेळी ती पट्टी लावली जाई. कित्येक तास तर वहीत नोंदलेच जात नसत, त्यामुळे त्यांचा पैसाही मिळत नसे.

कायदा काय म्हणत होता? दिवसाला आठ तास, आठवड्याला चाळीस. पण कामगार कायद्याच्या ३६ व्या कलमाखाली कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधीशी लेखी करार केला की मालकाला जादा काम घेता येतं. २००७ मध्ये त्या जादा कामाला दंडाची भीती असलेली पक्की कमाल मर्यादा नव्हती. ती आली २०१८ च्या कायद्याने: महिन्याला ४५ तास आणि वर्षाला ३६० तास. खास परिस्थितीत सूट मिळाली तरी वर्षाला ७२० च्या पुढे जाता येत नाही. मोठ्या कंपन्यांना हा नियम एप्रिल २०१९ पासून लागला, लहान-मध्यम कंपन्यांना एप्रिल २०२० पासून. अतिकामाने माणसं मरत होती, आणि त्यांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं लढून हा विषय संसदेपर्यंत नेला होता.

आता २००७ चा प्रेक्षक डोळ्यांसमोर आणा. रात्री दहाला मालिका सुरू होते. त्याच्या घरातलं एखादं माणूस अजून ऑफिसातच असेल. अशा वेळी पडद्यावर एक बाई घड्याळाकडे बघते, टेबल आवरते आणि जाते. कुणी अडवलं तर विचारते, ‘सोरे गा नानि का?’ त्यावर काही बिघडलं का, एवढाच तिचा सवाल. लोक हसले, आणि त्या हसण्यात मोठा दिलासा होता.

आणखी एक बारकावा आहे. ती लवकर जाते याचा राग सहकाऱ्यांना येतो, पण तिचं काम पुरं झालेलं असतं हे कुणी बोलूनही दाखवत नाही. कारण ते मान्य केलं, तर आपण रात्री अकरापर्यंत काय करत होतो, हा प्रश्न येतो.

६. शोजी हा नुसता दिखाऊ माणूस आहे का?

मुळीच नाही, आणि मालिकेची खरी श्रीमंती इथेच आहे. शोजी ताकेशी (ओइझुमि यो) विक्री विभागातला उमदा, बोलका, हाकेनवाल्यांना हिणवणारा माणूस आहे. तो हारुकोला तिच्या उंच गळ्याच्या स्वेटरवरून हाक मारतो, ती त्याला कुरळ्या केसांवरून. त्यांची जुगलबंदी पाहण्यासाठीच कितीतरी जण मालिका लावायचे.

पण त्याचं काम नीट पाहा. ग्राहकाचा राग कसा उतरवायचा, कुठल्या वरिष्ठाला बैठकीआधी भेटून ठेवायचं, धास्तावलेल्या कनिष्ठाला कसं सावरायचं, हे त्याला येतं. याचं प्रमाणपत्र मिळत नाही. ट्यूना कापता येतो की नाही हे पाच मिनिटांत कळतं. माणसं सांभाळता येतात की नाही हे कळायला वर्षं लागतात. म्हणून हारुकोकडे कौशल्य आणि शोजीकडे नुसता आव, अशी वाटणी करू नका. त्याची चूक वेगळी आहे. आपल्या ओळखपत्रामुळे आपण श्रेष्ठ आहोत असं तो धरून चालतो, आणि समोरच्याचं काम पाहण्याआधी त्याचा दर्जा पाहतो.

त्याचा मित्र सातोनाका केन्सुके (कोइझुमि कोतारो, माजी पंतप्रधान कोइझुमि जुनइचिरो यांचे चिरंजीव) याच्या उलट आहे. तो मवाळ आहे, ठाम बोलायला कचरतो, वरवर पाहता कच्चा वाटतो. पण हाकेनच्या माणसाला नावाने हाक मारणारा आणि ऐकून घेणारा साहेब तोच. पहिल्या दोन भागांत त्याला बावळट ठरवणाऱ्यांनी पाचव्यापर्यंत थांबावं.

७. मोरी मियुकीला इतकं बावळट का दाखवलंय? राग येतो.

तिला काही येत नाही म्हणून राग येतो, की येत नाही हे ती लपवते म्हणून?

मियुकी (कातो आइ) त्या पिढीची आहे जी १९९० च्या दशकातली मंदी सुरू झाल्यावर पदवी घेऊन बाहेर पडली. जपानमध्ये मोठ्या कंपन्या कॉलेज संपतानाच एका झटक्यात भरती करतात. ती गाडी चुकली तर पुन्हा कायम नोकरीत शिरणं फार अवघड होतं. मग माणूस हाकेनवर येतो. तिथे कुणी शिकवत नाही, कारण शिकवण्याचा खर्च कायम माणसावर होतो, आणि आपल्याला हे येत नाही असं म्हटलं तर पुढचा करार मिळत नाही. म्हणून ती मान डोलावते, रात्रभर धडपडते आणि गोंधळ घालते. आव आणणं ही तिची हौस नाही, तिचा नाइलाज आहे. तिच्या जागी असलेली कितीतरी हुशार मुलं मी पाहिली आहेत, म्हणून तिची बाजू मी मनापासून घेते.

हारुको तिला दटावते, कधी तोडून बोलते, पण शिकवतेही. प्रत्येकाला हारुको होता येणार नाही हे मालिकेला पक्कं ठाऊक आहे. पाच वाजता किंवा सहा वाजता घरी जाण्यासाठी सुईणीचा परवाना लागायला नको, हे मियुकीकडे बघूनच कळतं.

८. ओगासावारा काकांना कंपनीत ठेवलंय कशाला?

ओगासावारा (कोमात्सु मासाओ) निवृत्तीच्या वयानंतर कमी पगारावर ठेवलेले जुने कर्मचारी आहेत. संगणकाशी त्यांचं जमत नाही, त्यामुळे तरुणांच्या लेखी ते जागा अडवतात. अशी माणसं पूर्वी खिडकीजवळच्या टेबलावर बसवली जात. हातात काम नाही, पण काढून टाकणंही शिष्टाचाराला धरून नाही. १९७० च्या दशकातल्या तेलसंकटानंतर हे चित्र जपानमध्ये सर्रास दिसू लागलं.

मालिका त्यांना हसते, पण हिणवत नाही. जुना ग्राहक कोण, कुणाला कशाचा राग येतो, कुठली गोष्ट पूर्वी करून पाहिली होती, ही माहिती कुठल्याच फाइलमध्ये नसते. ती अशा माणसांजवळ असते. ही पिढी कंपनीसाठी झिजली, आणि तिचं ऋण मानायला हवं असं मालिका ठामपणे सांगते. मला हा भाग सगळ्यात हळवा वाटतो.

९. (कथानक उघड) डब्याच्या कल्पनेवरून एवढा गदारोळ का? नाव कुणाचंही असलं तरी डबा तोच ना?

मालिकेच्या उत्तरार्धात हाकेनवर काम करणाऱ्या मुलींना परवडेल अशा बेंतोची, म्हणजे जेवणाच्या डब्याची, कल्पना पुढे येते. ती मियुकीची असते. प्रश्न असा उभा राहतो की कंपनीच्या प्रस्तावावर हाकेनच्या मुलीचं नाव लागू शकतं का.

जपानी कंपनीत प्रस्ताव खालून वर जातो. प्रत्येक टेबलावर सहीऐवजी शिक्का उठतो आणि ज्याच्या नावाने तो निघाला त्याच्या खात्यावर यश जमा होतं. बढतीही त्यावर ठरते. हाकेनच्या माणसाला बढतीच नाही, म्हणून त्याच्या नावाला जागाही नाही. वरिष्ठांना मियुकीचं नाव खटकतं ते त्यामुळे, तिच्यावर त्यांचा राग नसतो. एकदा ते नाव कागदावर आलं की कल्पना सुचण्याचा आणि कायम नोकरीत असण्याचा संबंध नाही हे लेखी मान्य होतं. मालिकेतला सगळ्यात गंभीर झगडा एका डब्यावर होतो, ही लेखिकेची कमाल आहे.

१०. शिक्के, चहा, बैठका. खरोखर असंच असतं?

बरंचसं, हो. शिक्क्यांचं प्रमाण २०२० मध्ये कमी होऊ लागलं. साथीच्या काळात माणसं केवळ कागदावर शिक्का मारण्यासाठी ऑफिसात जात होती. त्या वर्षी प्रशासन सुधारणा मंत्री कोनो तारो यांनी सरकारी कामांतले बहुतांश शिक्के रद्द करायला लावले.

चहाची गोष्ट बायकांशी जोडलेली आहे, कारण ऑफिसात चहा देणं हे त्यांचंच काम मानलं जाई. नोकरीत स्त्री-पुरुष समान संधीचा कायदाही १९८५ चाच, म्हणजे हाकेनच्या कायद्याच्याच वर्षाचा. मोजक्या बायकांना अधिकारी होण्याचा रस्ता उघडला आणि पूर्वी कायम नोकरीतल्या मुली करत असलेली टेबलाची कामं हळूहळू हाकेनकडे गेली. मालिकेत बहुतेक हाकेन बायका आहेत, त्याचं कारण हे.

११. हारुकोला मिळतात तसे ताशी ३००० येन खरंच मिळतात?

ऑफिसच्या सर्वसाधारण कामाला नाही. ऑक्टोबर २००७ पासून टोकियोचं किमान वेतन ताशी ७३९ येन होतं, म्हणजे हारुकोचा दर त्याच्या चौपट. आठ तास, महिन्याला वीस दिवस धरले तर ४,८०,००० येन होतात. ऐकायला छान वाटतं, पण उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा बोनस नाही, आणि काम नसलेल्या महिन्यांत शून्य.

१२. हाकेनची अवस्था खरी कशी होती? मालिका फार गोड वाटते.

तुमची शंका रास्त आहे. मालिका ऑफिसातल्या हाकेनबद्दल आहे. कारखान्यांतल्या हाकेनकडे ती वळत नाही, आणि सर्वात मोठा फटका त्यांनाच बसला. २००८ च्या सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन बँक कोसळली, निर्यात थांबली आणि वाहन व इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांनी हाकेनचे करार धडाधड तोडले. अनेक जण कंपनीने दिलेल्या खोल्यांत राहत होते, त्यामुळे नोकरीबरोबर छप्परही गेलं. ३१ डिसेंबर २००८ ते ५ जानेवारी २००९ या काळात कामगार संघटना आणि स्वयंसेवकांनी टोकियोच्या हिबिया बागेत तंबू टाकून त्यांना जेवण आणि निवारा दिला. समोरच कामगार मंत्रालय आहे. गर्दी इतकी वाढली की २ जानेवारीच्या रात्री मंत्रालयाला आपलं सभागृह उघडावं लागलं.

मालिका संपून दोन वर्षंही झाली नव्हती. पहिल्या भागातली चमक आणि हिबियातले तंबू एकत्र ठेवून पाहावं, असा माझा आग्रह आहे.

१३. दुसरं पर्व आणि कोरियन आवृत्ती पाहावी का?

दुसरं पर्व २०२० चं. एप्रिलमध्ये यायचं होतं, साथीमुळे १७ जूनला सुरू झालं आणि आठ भागांत संपलं. तेरा वर्षांनी तीच कंपनी आणि तीच हारुको भेटते. आधी पहिलं पाहा, नाहीतर शोजीच्या वाट्याचे प्रसंग पोचणार नाहीत. कोरियन आवृत्ती केबीएसने २०१३ मध्ये काढली, त्यात किम हे-सू आहेत. तीही चांगली आहे, पण तिथल्या ऑफिसचे ताण वेगळे आहेत.

१४. जपानी शिकतेय. हारुकोसारखं बोललं तर चालेल? आणि टोकियोत नोकरी लागली तर सहाला निघू का?

भाषेचं आधी. हारुको अत्यंत आदरार्थी जपानी बोलते आणि त्याच आदरार्थी वाक्यांत ठाम नकार देते. ‘ओ-कोतोबा देसु गा’ (आपण म्हणता खरं, पण...) असं म्हणून ती सुरुवात करते आणि समोरच्याला कळतं की आता आपलं काही खरं नाही. ऐकण्यासाठी हे उत्तम आहे. परीक्षेत गोंधळवणारी आदराची रूपं कानावर बसतात. नक्कल मात्र करू नका. नव्या माणसाने तो सूर लावला तर उद्धटपणा वाटेल. नकार द्यायचा असेल तर कारण सांगा आणि दुसरी वेळ सुचवा.

सहाला निघण्याबद्दल: आज हे २००७ इतकं अवघड नाही (कायद्याच्या मर्यादा प्रश्न ५ मध्ये). पुण्या-मुंबईहून गेलेली बरीच मुलं पहिले सहा महिने भिडेपोटी बसून राहतात. त्याची गरज नसते. दिवसात काय झालं, काय राहिलं, कुठे अडलं, हे निघण्याआधी साहेबांना दोन ओळींत कळवा आणि निघा. जपानी ऑफिसात वेळेवर कळवणाऱ्या माणसाबद्दल विश्वास लवकर बसतो, आणि तो खुर्चीत बसण्याने येणाऱ्या विश्वासापेक्षा जास्त टिकतो.

१५. माझा करार एका कंपनीशी आहे, बसतो दुसऱ्याच कंपनीत आणि रोज कामं सांगतो तिथला मॅनेजर. कागदावर ‘हाकेन’ कुठेच नाही. मी हारुकोच आहे का?

हा प्रश्न आयटीतल्या मुलांकडून येतो आणि तो गंभीर आहे. तुमच्या कंपनीने काम पुरं करून देण्याचा ठेका घेतला असेल, तर रोजच्या सूचना तुमच्या कंपनीने द्यायला हव्यात. ग्राहकाचा मॅनेजर थेट कामं वाटत असेल, वेळा ठरवत असेल, सुट्टी मंजूर करत असेल, तर व्यवहार प्रत्यक्षात हाकेनचा झाला. तो ठेक्याच्या नावाखाली चालवणं जपानमध्ये बेकायदा आहे. यात तोटा तुमचाच होतो, कारण हाकेनच्या कायद्यातलं संरक्षण कागदावर लागू होत नाही आणि अपघात किंवा अतिकाम झालं तर दोन्ही कंपन्या एकमेकांकडे बोट दाखवतात.

एक अपवाद लक्षात ठेवा: ग्राहकाने कामाचं स्वरूप समजावून सांगणं किंवा तातडीच्या धोक्याची सूचना देणं, एवढ्यावरून ठेका खोटा ठरत नाही. रोजचा हुकूम कोण सोडतो, हे पाहिलं जातं.

तसंच, हाकेन म्हणून रुजू होण्याआधी ग्राहक कंपनीने तुमची मुलाखत घेऊन निवड करू नये असा नियम आहे. पुढे कायम करण्याच्या बोलीवर घेतलेल्यांना तो लागू नाही. निव्वळ ओळखीची भेट म्हणून बोलावून प्रश्नांची फैर झाडली जाते, तेही या नियमाविरुद्धच आहे.

करारपत्राची प्रत, हजेरीची नोंद आणि सूचनांचे ईमेल जपून ठेवा. तक्रार प्रत्येक प्रांतातल्या कामगार विभागाच्या कार्यालयात, म्हणजे ‘रोदोक्योकु’मध्ये, करता येते. परदेशी कामगारांसाठी इंग्रजीतूनही सल्ला मिळतो. व्हिसा कोणत्या कामासाठी मिळाला आहे आणि प्रत्यक्षात कोणतं करता आहात, हेही त्याच वेळी तपासून घ्या.